उथळ किनारी पाण्यासाठी जुनी बोट घेताना: आधी पाणी मोजा, मग बोट बघा

जुन्या बोटीच्या जाहिरातीत ‘फक्त २५ सेंटिमीटर पाण्यात चालते’ असं लिहिलेलं असतं. तो आकडा खोटा नसतो, पण अर्धवट असतो. बोट रिकामी, टाकीतलं इंधन तळाला गेलेलं, मोटर वर उचललेली आणि पाणी अगदी शांत, अशा स्थितीत तो मोजलेला असतो. तुम्ही बोटीत माणसं चढवणार, नांगर-दोर-पाणी-इंधन भरणार, मोटर खाली सोडणार आणि वेग घेणार. तेव्हा त्याच बोटीला दुप्पट पाणी लागू शकतं. म्हणून इंजिनाचे तास आणि रंगाची चकाकी जरा बाजूला ठेवा. ही बोट तुमच्या पाण्यात, तुमच्या ओझ्यासह तरंगेल का आणि चालेल का, हे आधी ठरवा. बाकी सगळं त्यानंतर.

पहिलं काम: आपलं पाणी ओळखा

बोट बघायला जाण्याआधी एक लांब काठी घ्या. तिच्यावर दर दहा सेंटिमीटरला चिकटपट्टीची खूण करा आणि अमावास्या-पौर्णिमेच्या आसपासची उधाणाची ओहोटी गाठून जिथून जायचं-यायचं आहे ती वाट मोजा. अष्टमीच्या सुमाराला, भांगाच्या दिवसांत मोजलंत तर ओहोटीलाही पाणी बरंच शिल्लक दिसेल आणि हिशेब चुकेल. नौकानयनाच्या नकाशावरची खोली ओहोटीच्या खालच्या पातळीपासून दिलेली असते. ती आधाराला घ्या, पण गाळ आणि रेतीचे दांडे पावसाळ्यागणिक जागा बदलतात. काठीचा शब्द शेवटचा.

मोजताना चार गोष्टी टिपून ठेवा. सगळ्यात उथळ जागा कोणती? तिथला तळ कसला, म्हणजे गाळ, रेती, खडप की कालवांचा थर? वाटेत उघड्या समुद्राचा किंवा खाडीच्या तोंडाचा पट्टा किती लांबीचा आहे? आणि परतायची वेळ भरतीत येते की ओहोटीत? यातली तिसरी गोष्ट बहुतेक लोक विसरतात. उथळ जागेच्या धास्तीने अगदी सपाट तळाची बोट घेतात आणि खाडीच्या तोंडाशी लाटांनी पाठ मोडून घेतात.

पाणी किती वेगाने उतरतं याचा अंदाज बारा भागांच्या नियमाने येतो. भरती-ओहोटीचा फरक ३ मीटर आणि ओहोटी सुमारे सहा तासांची धरली, तर पहिल्या तासात २५ सेंटिमीटर पाणी उतरतं, दुसऱ्यात ५०, तिसऱ्यात आणि चौथ्यात प्रत्येकी ७५, पाचव्यात ५० आणि सहाव्यात पुन्हा २५. म्हणजे ओहोटीच्या मध्याला दर मिनिटाला सव्वा सेंटिमीटर पाणी जातं. त्या वेळी बोट रेतीला टेकली आणि दहा मिनिटं ‘काय करावं’ यात गेली, की ती ढकलून निघत नाही. हा नियम ठोकळ आहे आणि अरुंद खाड्यांमध्ये तो वाकतो, पण ‘आणखी पाच सेंटिमीटर कमी लागणारी बोट घेऊ का?’ या प्रश्नाला तो प्रमाण दाखवतो. वेळ साधता आली तर पाच सेंटिमीटरचं काही वाटत नाही. वेळ तुमच्या हातात नसेल तर मात्र तेच पाच सेंटिमीटर मोलाचे ठरतात.

दुसरं काम: विक्रेत्याला एक नाही, तीन आकडे विचारा

पहिला, मोटर उचलून स्थिर तरंगायला किती पाणी लागतं. दुसरा, बोट वेगात पाण्यावर चढली की, म्हणजे प्लेनिंगवर, किती पाण्यात धावते. तिसरा, थांबलेल्या स्थितीतून प्लेनिंगवर चढायला किती पाणी लागतं. हा तिसरा आकडा सगळ्यांत मोठा असतो, आणि जाहिरातीत तो कधीच नसतो. थ्रॉटल दिला की नाळ, म्हणजे बोटीचं पुढचं टोक, वर उठते, मागची बाजू बसते आणि पंखा तळाच्या जवळ जातो. वेगात गुडघ्याएवढ्या पाण्यावरून सहज निघून गेलेली बोट तिथेच थांबली तर पुन्हा उठू शकत नाही. मग वल्हं किंवा बांबू घेऊन खोल पाण्यापर्यंत ढकलत जायचं.

वजनाचा परिणाम घरी बसून काढता येतो. बोटीचा पाण्यावर टेकलेला भाग वरून बघितला तर किती क्षेत्रफळाचा आहे, याचा अंदाज घ्या. साधारण पाच-सहा मीटरच्या बोटीत तो ७ चौरस मीटर धरला, तर बोट १ सेंटिमीटर बुडवायला सुमारे ७२ किलो लागतात. समुद्राच्या पाण्याचं वजन घनमीटरला १,०२५ किलो असतं, त्यावरून हा हिशेब. चार माणसं, इंधन, बर्फाची पेटी आणि सामान मिळून ५०० किलो झाले, तर बोट ७ सेंटिमीटर खाली जाणार. शिवाय हे वजन सारखं पसरलं तर. सगळे मागे बसले तर मागची बाजू याहून जास्त बुडेल.

तळाचा आकार

इथे घाई करू नका. मोटर बदलता येते, खुर्च्या बदलता येतात, तळ बदलता येत नाही.

अगदी सपाट तळाची बोट सगळ्यांत कमी पाण्यात तरंगते आणि थांबलेली असताना डगमगतही नाही. पण वाऱ्याने पाणी खवळलं की ती प्रत्येक लाटेवर आपटते. उथळ पाण्यात लाटा आखूड आणि उभ्या होतात, आणि पाण्याची खोली लाटेच्या उंचीच्या साधारण सव्वापट उरली की त्या फुटायला लागतात. हे पाणी सपाट तळाला अजिबात मानवत नाही. दुसऱ्या टोकाला खोल ‘व्ही’ तळ. ट्रान्समशी, म्हणजे मोटर बसते त्या मागच्या भिंतीशी, त्याचा कोन २० ते २४ अंश असतो. उघड्या समुद्रात तो सुखाचा, पण त्याला पाणी जास्त लागतं आणि थांबला की एका कुशीवर कलतो.

मला विचाराल तर बहुतेकांना मधली बोट लागते: नाळेशी टोकदार आणि ट्रान्समपाशी १० ते १६ अंशांवर येणारी. नाळ लाट कापते, मागचा पसरट भाग बोट तरंगवतो. वाटेत दहा मिनिटांचाही उघडा पट्टा असेल तर सपाट तळाचा मोह सोडा.

दोन तळांची कॅटामरान उथळ पाण्यात छान चालते आणि स्थिर असते, पण तिचे तळ अरुंद असल्यामुळे जास्त वजन चढलं की ती एकतळी बोटीपेक्षा लवकर खाली बसते. तळात मागे बोगद्यासारखी खोबण असलेली टनेल बोट मोटर बरीच वर बसवू देते, कारण खोबणीतून पाणी पंख्यापर्यंत चढून येतं. त्या बदल्यात मागची तरंगण्याची ताकद थोडी जाते. रोजची वाटच जेमतेम पाण्यातून असेल तर ती घ्या, हौसेखातर नको.

शिडाची बोट हवी असेल तर दोन कण्यांची, म्हणजे तळाखाली दोन उभी पाती असलेली, बोट गाळावर सरळ उभी राहते, हा तिचा मोठा गुण. मात्र प्रत्येक कणा तळाला जोडला जातो तिथे भेगा शोधाच, कारण ओहोटीला रोज आपटण्याचा मार तिथेच बसतो. वर-खाली होणाऱ्या कण्याच्या बोटीत बिजागरीची खीळ, तिचं भोक आणि कणा उचलणारी तार बघा. खीळ घासून भोक लांबट झालं असेल तर कणा पाण्यात खडखडतो, आणि ती दुरुस्ती स्वस्त नसते.

मोटर कुठे आणि किती उंचीवर

उथळ पाण्यासाठी आउटबोर्ड, म्हणजे ट्रान्समवर बाहेरून टांगलेली मोटरच बरी. ती उचलता येते आणि पंख्यात अडकलेलं जाळं-गवत काठावर उभं राहून काढता येतं. इनबोर्डचा, म्हणजे बोटीच्या आत बसवलेल्या इंजिनाचा, पंखा आणि सुकाणू तळाखाली कायम लोंबत असतात. जेटला पंखा बाहेर नसतो, पण ती खालचं पाणी ओढते, आणि त्याबरोबर रेती, गवत, प्लास्टिकही.

आउटबोर्डच्या दांड्याची लांबी आणि ट्रान्समची उंची जुळली पाहिजे. प्रचलित मापं ३८, ५१ आणि ६४ सेंटिमीटरची. पंख्याच्या वरची आडवी पट्टी तळाच्या रेषेत किंवा किंचित वर यायला हवी. मालकाने उथळासाठी म्हणून मोटर वर-खाली सरकवणारी जॅक प्लेट लावलेली असेल तर ती वर-खाली करून दाखवायला सांगा आणि तिचे बोल्ट तपासा. ती ट्रान्समवर जास्त ताण आणते.

एक गोष्ट फारसं कोणी सांगत नाही. जुनी बोट टू-स्ट्रोक मोटरसाठी बनवलेली असते आणि नंतर कोणीतरी तिला नवी फोर-स्ट्रोक बसवतं. त्याच ताकदीची फोर-स्ट्रोक बहुतेक वेळा जड असते. मग ट्रान्सम बसतो, कॉकपिटचं पाणी बाहेर टाकणारी भोकं पाण्याखाली जातात, आणि कमी पाण्यात चालणारी म्हणून घेतलेली बोट मागून तळाला घासत राहते. ‘नुकतीच नवी मोटर बसवली’ हे ऐकलं की जुन्या मोटरचं वजन विचारा. बॅटरी पुढे हलवून थोडा तोल साधतो, सगळा नाही.

तपासणी: बोटीखाली झोपा

कपडे खराब होतील असेच घालून जा. उथळ पाण्यातली बोट खालून झिजते, आणि खालून बघणारे गिऱ्हाईक थोडे. बोट ट्रेलरवर किंवा ठोकळ्यांवर हवी आणि उजेड भरपूर हवा. बोट विकायला काढल्यावर तळाला नुकताच रंग दिला असेल, तर हे कोरेपण कशासाठी, हा प्रश्न मनात ठेवूनच पुढे व्हा.

फायबरची बोट असेल तर नाळेपासून सुरुवात करा. रेतीवर चढवताना तिथला वरचा गुळगुळीत थर, जेलकोट, घासून निघतो आणि खालची करड्या रंगाची विणलेली कापडासारखी जाळी दिसायला लागते. जाळी दिसली की पाणी आत झिरपतंय असं धरा. बोटाने चाचपा. दुरुस्तीचा उंचवटा डोळ्यांना दिसला नाही तरी बोटाला लागतो. मग स्क्रूड्रायव्हरची मूठ घेऊन तळावर वीतभर अंतराने ठोकत जा. निरोगी फायबर टणक, कोरडा आवाज देतं. आत पाणी शिरलं असेल किंवा थर सुटले असतील तर आवाज बसका येतो. बसका आवाज जिथे सुरू होतो आणि जिथे संपतो तिथे खडूने खूण करा. चौकोन हाताच्या तळव्याएवढा निघाला तर भाव कमी करायचा, उशीएवढा निघाला तर निरोप घ्यायचा. केसासारख्या बारीक, कोळ्याच्या जाळ्यासारख्या भेगा बहुतेक वेळा वरवरच्या असतात. एका सरळ रेषेत जाणारी, किंवा तळातल्या आतल्या पट्ट्यांच्या जागेवरून जाणारी भेग मात्र रचनेची असू शकते.

मग ट्रान्सम. अनेक जुन्या बोटींत त्याच्या आत प्लायवूड असतं, आणि बोल्टाच्या एका न भरलेल्या भोकातून पाणी शिरून ते वर्षानुवर्षं कुजत राहतं. बाहेरून काही दिसत नाही. मोटर अर्धी वर उचला, खालचा भाग दोन्ही हातांनी धरून वर-खाली जोराने हलवा, आणि दुसऱ्या कोणाला ब्रॅकेट ट्रान्समला भिडतं त्या जागेकडे बघायला सांगा. तिथे वाक दिसला किंवा बोल्टाभोवतून पाण्याचा थेंब आला, तर आतलं लाकूड गेलंय. मालकाची परवानगी घेऊन ट्रान्समच्या खालच्या भागातला एखादा स्क्रू काढता आला तर त्याहून बरं. स्क्रूच्या आट्यांना तपकिरी, ओला भुसा चिकटून आला की पुढचं बघायची गरज नाही.

अॅल्युमिनियमच्या बोटीत खड्डे आणि पांढरी भुकटी शोधा. रिव्हेटांची बोट असेल तर उलटं करा: आत थोडं पाणी ओता आणि खालून कुठे ठिबकतं ते बघा. तळाला तांब्याचा अंश असलेला रंग दिलेला असेल तर ती बोट टाळा, कारण खाऱ्या पाण्यात तांबं अॅल्युमिनियम खातं. क्षरण स्वतःवर घेणारे धातूचे ठोकळे, अॅनोड, अर्धे झिजलेले असणं चांगलं. अगदी कोरे असतील तर रंग लागून ते कामच करत नसतील किंवा कालच बसवले असतील. गोड्या पाण्यासाठीचे मॅग्नेशियमचे अॅनोड समुद्रात फार लवकर संपतात, तेव्हा कुठले लावलेत हे विचारा.

लाकडी बोटीत पाण्याच्या रेषेखाली टोच्या टोचून बघा. लाकूड पोखरणारे समुद्री किडे बाहेरून टाचणीएवढं भोक ठेवतात आणि आत बोटाएवढी बिळं करतात. हवेची बोट पूर्ण फुगवून एक दिवस तशीच ठेवायला सांगा आणि शिवणींवर साबणाचं पाणी लावा.

डेकवर चालताना पाय कुठे दबतो का बघा. तळातल्या झाकणाखाली वाकून वास घ्या: कुजका, पेट्रोलचा की नुसता समुद्राचा. इंधनाची टाकी डेकखाली फोमात गाडलेली असेल तर तिचं वय विचारा, कारण ती बदलायला डेक कापावा लागतो. आणि शक्य असेल तर ट्रेलरसकट बोट वजनकाट्यावर न्या. ट्रेलर आणि मोटर वजा करून उरलेलं वजन निर्मात्याने दिलेल्या कोरड्या वजनापेक्षा दीड-दोनशे किलोंनी जास्त आलं आणि त्याला सामानाचं कारण नसेल, तर तरंगवण्यासाठी भरलेला फोम पाणी पिऊन बसलाय. वर केलेल्या हिशेबाने ते तुमचे दोन-तीन सेंटिमीटर झाले, तेही कायमचे.

मोटर थंड असताना पोचा

मालकाला आधीच सांगा की मी येईपर्यंत मोटर चालू करू नका. कव्हरला हात लावून बघा. गरम मोटर सहज चालू होते, थंड मोटर आपलं खरं रूप दाखवते.

चालू करण्याआधी गिअरच्या तेलाचं काम उरकून घ्या. बोट रात्रभर उभी असेल तर पाणी जड असल्याने तळाला साचतं, म्हणून खालचा स्क्रू जरासा ढिला करून पहिले थेंब बोटावर घ्या. आधी पाणी आलं किंवा तेल दुधाळ दिसलं तर सील गेलं आहे. स्क्रूच्या चुंबकावर मऊ काळसर लेप असणं नेहमीचं, पण टोचणारा धातूचा कण नको. परत बसवताना वॉशर नवा घाला.

मग किल्ली काढून मोटर न्यूट्रलमध्ये ठेवा, पंखा हाताने फिरवा आणि दांड्याच्या टोकाकडे बघा. टोक डुलत असेल तर दांडा वाकलाय. मोटरच्या तळाचं पातं झिजून चमकत असेल, वाकलं असेल किंवा वेल्डिंग करून जोडलं असेल, तर ही बोट कशी वापरली गेली ते तुम्हाला कळलं. अॅल्युमिनियमचा पंखा चेपलेला असणं मला फारसं खटकत नाही, कारण आपटल्यावर तो स्वतः वाकून धक्का खातो. तेवढाच मार खाल्लेला स्टीलचा पंखा तो धक्का आत गिअरपर्यंत पोचवतो.

सिलिंडरचं कॉम्प्रेशन मेकॅनिककडून मोजून घ्या. आकड्यांपेक्षा त्यांच्यातला फरक महत्त्वाचा, तो १० ते १५ टक्क्यांहून जास्त नको. जमिनीवर मोटर चालवायची तर पाण्याची जोडणी लावूनच. कोरड्यात काही क्षणांत पाण्याच्या पंपाचा रबरी इम्पेलर जळतो. उथळात चाललेल्या मोटरचा तोच भाग रेती-गाळाने सगळ्यात आधी झिजतो. मागून पडणारी पाण्याची धार सलग आणि जोरदार हवी.

पाण्यातली चाचणी

चाचणीला एकटे जाऊ नका. रोज जितकी माणसं नेणार तितकी घ्या, किंवा पाण्याचे कॅन भरून वजन करा. काठीही बरोबर घ्या. आधी मोटर उचलून थांबा आणि पुढे व मागे दोन्हीकडे मोजा. मग मोटर चालवण्याइतकी खाली करून तिच्या सगळ्यात खालच्या टोकापर्यंत मोजा. प्लेनिंगवर चढण्याची चाचणी खोल पाण्यातच करा: नाळ किती वेळ आकाशाकडे राहते आणि मागची बाजू किती बसते, हे बघा. जितका जास्त वेळ, तितकी लांब खोल पट्टी तुम्हाला दर वेळी शोधावी लागणार.

वेगात वळताना पंख्यात हवा शिरून इंजिन एकदम ओरडायला लागलं तर मोटर प्रमाणाबाहेर वर बसवली आहे. रिव्हर्समध्येही चालवा, कारण रेतीवरून सुटायचं तेव्हा तोच कामाला येतो. वारा असलेल्या दिवशी लाटांवरून एकदा जा. परतल्यावर तळात साचलेलं पाणी उपसणारा बिल्ज पंप बंद ठेवून आत किती पाणी जमलं ते बघा.

कागद, ट्रेलर आणि सौदा

तळावरचा क्रमांक ट्रान्समच्या उजव्या बाजूला असतो. तो कागदावरच्या क्रमांकाशी अक्षर-अक्षर ताडून बघा, आणि मोटरचा वेगळा क्रमांकही. बोटीवर कर्ज आहे का हे लेखी घ्या. युरोपीय मानकाची पाटी असेल तर ‘डी’ वर्ग म्हणजे ०.३ मीटरपर्यंतच्या लाटांचं आडोशाचं पाणी, ‘सी’ म्हणजे २ मीटरपर्यंत. वाटेत उघडा पट्टा असेल तर ‘डी’ची बोट विचारातच घेऊ नका. ट्रेलरची चाकं उचलून फिरवा, बेअरिंग खरखरता कामा नये. पाट्यांच्या स्प्रिंगा आणि चौकटीचा आतला गंज टॉर्च लावून बघा. बोट महाग असेल तर स्वतंत्र सर्व्हेअर नेमा, विक्रेत्याने सुचवलेला नको.

भाव करताना रंग, गाद्या, जुना खोली-मापक यांवर वेळ घालवू नका. ट्रान्सम, टाकी, गिअर, ओला फोम या चारांचाच हिशेब मांडा. त्यातलं एक बिघडलेलं असेल तर दुरुस्तीचा अंदाज आणून तेवढा भाव उतरवा. दोन असतील तर दुसरी बोट बघा.

घेतल्यावर पाण्यात नेण्याआधी इम्पेलर, गिअरचं तेल, इंधनाचा फिल्टर आणि अॅनोड बदला, मालक काहीही सांगो. चाचणीत मोजलेल्या खोल्यांच्या खुणा काठीवर कायमच्या रंगवून घ्या: पहिली खूण मोटर वर असताना तरंगण्याची, दुसरी खूण मोटर खाली असतानाची. सुरुवातीचे काही आठवडे उथळ भागात भरती चढत असतानाच शिरा. टेकलात तरी पुढच्या अर्ध्या तासात पाणीच बोट उचलेल.